निवृत्तीनंतरचे जलरंग : चूक हातात नव्हती, कागदात होती

एक बाई जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून ५८व्या वर्षी निवृत्त झाल्या. राहायला साताऱ्यात, घरात पती, मुलगा-सून आणि दुसरीतला नातू. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, इंटरमीजिएटला ‘ए’ मिळालेली. त्यानंतर चाळीस वर्षं रंगांना हात लागला नाही. निरोप समारंभानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जलरंगांची पेटी, ब्रशचा संच आणि ड्रॉइंग पेपर घरात आले. पाच महिन्यांनी ते सगळं माळ्यावर टाकायची भाषा सुरू झाली. ‘आता हात पूर्वीसारखा राहिला नाही’ हे त्यांचं स्वतःचं निदान, आणि घरच्यांनीही ते मायेपोटी मान्य करून टाकलेलं.

प्रकरण नमुन्याचं आहे. साठीच्या आसपास जलरंगांकडे वळणाऱ्या अनेकांच्या बाबतीत जे घडतं, ते इथे एका व्यक्तीभोवती गोळा केलं आहे. ते सविस्तर मांडण्याचं कारण एकच: वयाच्या माथी मारलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका वयाच्या नसतात, आणि त्या दुरुस्त करता येतात.

चाळीस चित्रं जमिनीवर

घराजवळ एक लहानसा चित्रकला वर्ग चालतो. पेटी माळ्यावर जाण्याआधी त्या तिथे एकदा जाऊन आल्या, सोबत पाच महिन्यांतली सगळी चित्रं घेऊन. वर्गातल्या शिक्षकाने ती तारखेनुसार जमिनीवर ओळीने मांडली. हे कोणीही घरी करू शकतं आणि करावंच. एकेक चित्र हातात घेतलं की त्यातलं झाड किंवा घर दिसतं. चाळीस चित्रं एकत्र मांडली की सवयी दिसतात.

तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येक चित्रात होत्या. कागद लाटांसारखा फुगून तसाच वाळलेला. आकाशात आणि पाण्यात कोबीच्या गड्ड्यासारखे, कातर कडांचे डाग. आणि रंग पिठूळ, गढूळ. हिरव्यात पांढरं, निळ्यात पांढरं, सावलीत काळं. रेखाटन मात्र बरं होतं. घरांच्या उभ्या रेषा सरळ, मंदिराच्या कळसाची मापं जागच्या जागी.

या तिन्ही दोषांचा हाताच्या स्थिरतेशी संबंध नाही. पिठूळपणा तर थेट शाळेतून आलेला. ग्रेड परीक्षांच्या संकल्पचित्रात पोस्टर कलर वापरायची सवय लागते. तिथे रंग सपाट आणि अपारदर्शक हवा असतो, फिकट छटेसाठी पांढरा मिसळतात. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कागद. फिकट हवं तर पाणी वाढवायचं, लख्ख पांढरं हवं तर तेवढी जागा कोरी सोडायची. पेटीतली पांढऱ्या आणि काळ्या रंगाची ट्यूब पहिल्या दिवशीच बाजूला निघाली.

हाताबद्दल शंका असलीच तर एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचा जन्म १८८२चा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं. म्हणजे साठी उलटल्यावरचं, आणि तेही जलरंगातलं. त्यामागे आयुष्यभराचा सराव होता, त्यामुळे नवशिक्याने त्याच्याशी तुलना करू नये. पण साठीतला हात जलरंगाला पुरतो एवढं त्यातून नक्की कळतं. बारीक कंप असलाच तर ब्रश टोकाजवळ घट्ट धरण्याऐवजी मागे, दांड्याच्या मध्यावर धरावा, करंगळी कागदाच्या कोरड्या भागावर टेकवावी आणि मोठे फटकारे खांद्यातून मारावेत. कंप नवा असेल किंवा वाढत असेल तर तो डॉक्टरांना दाखवायचा विषय आहे.

कागद

त्या वापरत होत्या तो १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा, साधा ड्रॉइंग पेपर. पेन्सिलीला उत्तम, भरपूर पाण्याला निरुपयोगी. ओला झाला की तो असमान फुगतो, खळगे पडतात, रंगाचं पाणी खळग्यांत साचतं, उंचवटे आधी वाळतात. मग खळग्यातलं पाणी अर्धवट वाळलेल्या भागात सरकतं आणि डाग पडतो. डाग पडला की माणूस ब्रशने तो पुसायला जातो, कागदाचे तंतू निघतात आणि रंग गढूळतो. तीनपैकी दोन दोष इथूनच सुरू होत होते.

‘शिकताना महाग कागद कशाला वाया घालवायचा’ हा सल्ला जलरंगात फार नुकसान करतो. ब्रश स्वस्त चालतो, बोर्ड घरचा चालतो, रंग मोजके चालतात. कागदावर काटकसर केली की शिकणारा चुकीच्या गोष्टी शिकतो, कारण त्या कागदावर बरोबर कृतीचाही निकाल चूक येतो.

बदल असा केला: ३०० जीएसएमचा, पूर्ण सुती, मध्यम खरखरीत म्हणजे कोल्ड प्रेस्ड कागद. सुती तंतू पाणी आत धरून ठेवतात, त्यामुळे ओला भाग अधिक वेळ आणि सारखा ओला राहतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर दुसरा थर दिला की पहिला सहज सुटून येतो. सुती कागदावर वाळलेला थर बराचसा टिकून राहतो. एवढ्या फरकावर सावलीचं अख्खं काम उभं असतं.

महाग कागद समोर आला की हात आखडतो, ही पुढची अडचण. त्यावर उपाय म्हणून दहा पूर्ण ताव एकदम आणले. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा. मधोमध दुमडून, घडीवर नख फिरवून, पट्टी धरून फाडत गेलं की एका तावाचे आठ तुकडे होतात, प्रत्येकी साधारण साडेसात × अकरा इंच. दहा तावांचे ऐंशी. पाठची बाजूही वापरता येते, म्हणजे एकशे साठ सराव. गठ्ठा शेजारी रचलेला दिसला की एक बिघडल्याचं काही वाटत नाही. पाव तावाचं, म्हणजे अकरा × पंधरा इंचांचं काम सहा महिन्यांनंतर सुरू झालं.

तुकडा बोर्डवर मास्किंग टेपने चारही बाजूंनी, निदान एक सेंटिमीटर कागदावर येईल असा चिकटवायचा. ओला असताना थोडा फुगेल, वाळताना ताणून सपाट होईल. टेप काढायची घाई नको. कागद पूर्ण वाळल्यावर चित्रापासून दूर, तिरकी ओढत काढायची.

साताऱ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. जलरंगाच्या चांगल्या कागदाला सरसाची किंवा तशा प्रकारची खळ दिलेली असते; तिच्यामुळे रंग पृष्ठभागावर थांबतो. दमट हवेत कागद उघडा राहिला की खळ खराब होते, बुरशी लागते. कोरा कागद बघून काही कळत नाही. रंग लावला की तो टीपकागदासारखा आत ओढला जातो आणि गडद ठिपके उमटतात. त्यावर इलाज नाही. तो कागद कोळशाच्या कामाला वापरावा. चांगला कागद आडवा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवावा.

पाण्याची चमक

कागद सुधारल्यावरही कोबीचे डाग पूर्ण गेले नाहीत. त्याचं कारण वेळ. बाई व्हिडिओ बघून शिकत होत्या, आणि व्हिडिओत वाळण्याची वाट पाहणं कापलेलं असतं. शिवाय कुठल्या तरी थंड देशातल्या खोलीतली दहा मिनिटं म्हणजे साताऱ्यातल्या मे महिन्यातली तीन मिनिटं आणि जुलैतला अर्धा तास. घड्याळ लावून उपयोग नाही, कागद वाचावा लागतो.

त्यासाठी डोळे बोर्डच्या पातळीला आणून उजेडाच्या दिशेने तिरकं बघायचं. पाणी आरशासारखं चकाकत असेल तर कागद पूर्ण ओला आहे. रंग टाकला तर तो पसरेल आणि आकार राहणार नाही. चकाकी जाऊन साटिनच्या कापडासारखी मंद झळाळी उरली की मऊ कडांची वेळ आली: दूरचे डोंगर, ढगांच्या सावल्या, झाडीचे शेंडे. ही झळाळी फार थोडा वेळ टिकते. ती गेली, कागद निस्तेज दिसू लागला, पण बोटांची पाठ टेकवल्यावर गार लागला, तर हात मागे घ्यायचा. वरून वाळलेला आणि आतून ओला कागद हीच डागांची जागा. बोटांच्या पाठीला तो हवेइतकाच लागला की पुढचा थर.

दुसरा अर्धा नियम ब्रशचा. मंद झळाळीच्या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. पाणी जास्त ओल्याकडून कमी ओल्याकडे सरकतं आणि जाताना रंगाचे कण ढकलत नेऊन कडेला सोडतं. कोबीची कातर कड ती हीच. म्हणून घट्ट रंग घेतल्यावर ब्रशचा बुडखा जुन्या सुती फडक्यावर टेकवून पाणी शोषून घ्यायचं आणि मगच कागदावर जायचं. वर्गात पहिले दोन महिने शिक्षकाचं एकच वाक्य सारखं ऐकू यायचं: “काकू, आता ब्रश खाली ठेवा.”

महिनाभर विषय काहीच नव्हता. रोज दोन तुकडे, एकच रंग, बर्न्ट अंबर. एक तुकडा वरून खाली गडद ते फिकट, दुसऱ्यावर चारही अवस्थांमध्ये एकेक ठिपका आणि खाली पेन्सिलीने नोंद. लेखा विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला ही शिस्त जड गेली नाही. त्या नोंदी आजही एका वहीत आहेत आणि चुकलं की त्या ती वही उघडतात.

रंगांविषयी थोडक्यात. चोवीस रंगांच्या पेटीऐवजी सहा ट्यूब: अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट ब्लू, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना आणि एक टिकाऊ क्रिमसन. जुन्या अलिझरिन क्रिमसनमधलं रंगद्रव्य, ट्यूबवर पीआर ८३, उजेडात उडतं, ते टाळावं. सह्याद्रीचा काळा पाषाण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून मिळतो. निळा जास्त तर सावलीतला, सिएना जास्त तर उन्हातला. ब्रश तीन पुरतात: १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि दीड इंची चपटा. पाण्याची भांडी दोन, एक धुवायला आणि एक स्वच्छ पाण्यासाठी.

मेणवलीचा घाट

सातव्या महिन्यात, जानेवारीत, वर्ग वाईजवळच्या मेणवलीला गेला. कृष्णेचा घाट, मागे नाना फडणवीसांचा वाडा. वाई-मेणवली हे जलरंग करणाऱ्यांचं आवडतं ठिकाण. पायऱ्या, पाणी आणि पाषाण एकाच चौकटीत मिळतात. पण नवख्याला तिथे पायऱ्या खातात.

बाईंच्या पहिल्या चित्रात खतावणीतल्या ओळींसारख्या सारख्या अंतराच्या अठ्ठावीस पायऱ्या आल्या, आणि प्रत्येकीखाली वेगळी सावली रंगवलेली. चुका दोन. डोळ्याची पातळी आखलीच नव्हती. पायरी त्या पातळीच्या जितकी जवळ, तितका तिचा वरचा सपाट भाग अरुंद दिसतो. पातळीवर आला की तो रेघ होतो, आणि पातळीच्या वर गेला की दिसतच नाही, नुसते उभे भाग दिसतात. घडीच्या खुर्चीवर बसलं की ही पातळी खाली येते, म्हणून उभं राहून रेखाटायचं आणि बसून रंगवायचं असं करू नये. दुसरी चूक, सावली हा एक आकार आहे हे न पाहता ती पायरीपायरीने भरली.

दुसऱ्या दिवशी तीच जागा, क्रम बदलून. आधी काडेपेटीएवढी दोन टिपणं, ६बी पेन्सिलीने, फक्त तीन छटांची: कागदाचा पांढरा, मधली राखाडी, गडद. दहा मिनिटं. त्यातलं एक निवडून पाव तावावर २बीने हलकं रेखाटन, आणि त्याच वेळी सावल्यांच्या कडाही आखून घेतल्या. ऊन दोन तासांत कुठल्या कुठे जातं. आखलेली सावली तीच ठेवायची, मागे धावायचं नाही. खोडरबर जोराने घासला तर खळ निघते, म्हणून मळलेल्या कणकेसारखा मऊ रबर नुसता टिपायचा.

पहिला हात आकाशापासून पाण्यापर्यंत सलग. वर कोबाल्ट, खाली येताना पातळ यलो ऑकर, उन्हातल्या पायऱ्यांचे माथे कोरे. आदल्या दिवशी त्यांनी चमचाभरच रंग कालवला होता, तो आकाशाच्या मध्यात संपला आणि नवा कालवेपर्यंत कड धरली. पाव तावाच्या आकाशाला निदान दोन मोठे चमचे तयार हवेत. थोडा उरला तर उरू द्यावा. बोर्डखाली दगड ठेवून पंधरा अंशांचा उतार दिला की रंगाचा थेंब कडेशी गोळा होऊन हळूहळू खाली येतो, ब्रश फक्त त्याला वाट देतो.

कागद कोरडा झाल्यावर सावली. वाड्याच्या भिंतीपासून पायऱ्यांवरून थेट पाण्यातल्या प्रतिबिंबापर्यंत एकच सलग आकार, १२ नंबरच्या ब्रशने, मध्ये न थांबता. भिंतीवर सिएना जास्त, पाण्याकडे अल्ट्रामरीन जास्त. रंग कागदावरच मिसळू दिला. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, सरळ उभं उतरतं. पाण्यातला गडद भाग किंचित फिकट आणि उजळ भाग किंचित गडद होतो. काठापासून मागे असलेल्या पायऱ्यांचं प्रतिबिंब उंचावरून पाहताना काठाआड जातं; ते पूर्ण रंगवलं की घाट हवेत तरंगतो. शेवटी फक्त काही गडद खुणा: दगडांच्या सांध्यांतल्या चार फटी, दोन माणसांच्या पाठी. पायऱ्या मोजल्या तर नऊ भरतील. बघणाऱ्याला अख्खा घाट दिसतो.

टेबल, प्रदर्शन आणि काच

घरात अडचण जागेची होती. जेवणाच्या टेबलावर काम, म्हणजे दिवसातून दोनदा सगळं उचलायचं. त्यामुळे वाळत असलेलं चित्र सुद्धा उचललं जायचं. निवृत्त माणसाकडे भरपूर वेळ असतो हे घरातल्या प्रत्येकाला वाटतं, म्हणून तो वेळ सर्वांचा होतो: बँक, गॅस, नातवाची शाळा. गॅलरीतला कपडे वाळवायचा एक कोपरा रिकामा करून तिथे अडीच फुटांचं कायमचं टेबल आलं, आठवड्यातले चार दिवस सकाळी ७ ते साडेआठ ठरले, आणि त्या वेळेत शाळेची जबाबदारी पतींनी घेतली. आमच्या मते कागदाखालोखाल याच बदलाने काम टिकलं. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली रंगवलेली चित्रं सकाळी जास्तच निळी दिसायची. ४०००-५००० केल्विनची, रंग खरे दाखवणारी एलईडी बसवल्यावर ते थांबलं.

वर्षभराने एका संयोजकाचा फोन आला: समूह प्रदर्शन, ‘राष्ट्रीय पुरस्कार’, सहभाग शुल्क भरा. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला पुरस्कार असेल तर तो पुरस्कार नसतो. विचारायचे प्रश्न साधे: चित्रं कोण निवडतं, किती नाकारली जातात, दालन किती दिवस, विमा आणि वाहतूक कोणाची. उत्तरं मिळाली नाहीत, बाईंनी नकार दिला. निवड समिती असलेल्या जुन्या संस्था आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. तिथे नकार आला तरी त्याला अर्थ असतो.

पहिली दोन चित्रं घरासाठी फ्रेम केली आणि त्यातलं एक गेलं. फ्रेमवाल्याने ते पाठीवर पांढरा गोंद फासून हार्डबोर्डला चिकटवलं होतं, काच थेट चित्रावर. पावसाळ्यात वाफ आत धरली, कागद काचेला चिकटला, ठिपके आले. सोडवता आलं नाही. आता सूचना लेखी देतात: माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त आणि निदान अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा, म्हणजे काच आणि चित्रात अंतर राहील. चित्र फक्त वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने अडकवलेलं. पाठीमागे खालच्या कोपऱ्यांवर रबराची दोन बटणं, भिंत आणि फ्रेमच्या मधून हवा खेळायला.

दोन डोळे

सध्याचा प्रश्न वेगळाच आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून बाकी. एकेक डोळा मिटून पाहिलं तर तोच कोरा कागद उजव्याला निळसर पांढरा आणि डाव्याला सायीसारखा दिसतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते हळूहळू होत असल्याने कळत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३मध्ये झालं, आणि त्यानंतर रंग वेगळे दिसू लागल्याच्या त्याच्या तक्रारी होत्या. चष्म्याचाही घोळ होता: प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या, भिंगातून बोर्ड बघायला मान वर करावी लागे आणि कडेच्या सरळ रेषा वाकत. ५०-६० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसेल असा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतल्यावर मानेचं दुखणं कमी झालं. दूरचा घाट पाहायला तो नुसता नाकावर खाली घ्यायचा.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी बाईंनी सहाही ट्यूबच्या पट्ट्या करून ठेवल्या आहेत: प्रत्येक रंग पाच छटांत, शेजारी नेहमीची मिश्रणं, खाली प्रमाण. त्यांच्या सवयीचं पाषाणाचं मिश्रण, अल्ट्रामरीन दोन भाग आणि सिएना एक, त्यात चौथ्या ओळीला आहे. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून संच पश्चिमेच्या खिडकीत, कोणता रंग उडतो ते पाहायला; दुसरा संच बंद पाकिटात. ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी उतरल्यावर पाकीट उघडायचं आणि डोळा फक्त त्या ओळींशी ताडून बघायचा, असं ठरलं आहे. पाकिटावर तारीख घातली आहे.